कुंदाले शब्द समजले तेव्हा

आमचा रोहन मेटल बँडमध्ये गिटार वाजवे अन् राक्षसावानी बोंबले. घरी तालीम सुरू झाली का शेजारची कुंदा भांडाले हजर.

त्या दिवशी मी भाजी घेऊन आली, तं कुंदा फाटकातच हसून राहिली होती. "आजी, आज नातू बरा गाऊन राहिला जी. पहिल्यांदाच शब्द समजले."

"काय म्हणते?"

"वाचवा, वाचवा."

पिशवी टाकून मी धावली. गिटारात करंट उतरला होता, रोहनचा हात चिकटलेला. मी मेन स्विच पाडला. जीव वाचला, पण बोटं गेली.

आता कुंदा हळूच विचारते, "रोहन गात काहून नाही जी?"

मी म्हणतो, "शब्द समजले, तरी तू फाटकातच उभी होती वं."