हौद्यात बसून कोणी बघितलं?

तुम्ही कधी पिकअपच्या हौद्यात बसून लग्नाला गेलायत का? आमच्याकडं तीच रीत आहे. पुरुष पुढं, बायका मागं. त्यात माझी कंबर आधीच धरलेली.

औंदा नवी पिकअप घ्यायची ठरली. आमच्या यांनी गाड्यांचं मासिक आणलं. त्यात दोन गाड्यांची तुलना करून एकीला पहिला नंबर दिला होता.

हे म्हणाले, "लिहिलंय बघ, प्रवास एकदम आरामाचा."

मी विचारलं, "लिहिणारा मागं बसला व्हता का?"

"मागं माल ठेवतेत."

"मग मैलारच्या जत्रंला मी आणि जाऊबाई काय माल म्हणून गेलो व्हतो?"

दोन दिवसांनी शोरूमचा माणूस तीच पहिल्या नंबराची गाडी दाखवायला आमच्या गावी, संतपूरला आला. मी सरळ पुढं जाऊन बसले आणि यांना म्हटलं, "तुम्ही मागं बसा."

तो माणूस गडबडला. "अक्का, साहेब मागं कसं बसतील?"

"आम्ही बसतो तसं."

शेताच्या वाटेनं जाऊन परत येईपर्यंत यांनी दोन्ही हातांनी कडेची फळी धरली होती. उतरले ते कंबर दाबतच. जाऊबाईंनी दारातूनच विचारलं, "भावजी, कशी हाय गाडी?"

"पुढं बसणाऱ्याला चांगली हाय," एवढंच बोलून हे घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी बीदरला जाऊन दुसऱ्या नंबराची गाडी बुक केली. तिचा हौदा लहान आहे, पण आत पाच जणांना बसायला सीटा आहेत.