माडीवरच्या दुरैसानीचा परवाना

महायुद्धाचं दुसरं वर्ष. तंजावूरच्या पोलिस कचेरीत परदेशी पाहुण्यांना राहण्याचा परवाना जिथं मिळे, त्या खोलीचं दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर सूर्यनारायणराव बंदुकीच्या परवान्यासाठी ताटकळले होते. शेजारी दोघी मराठीत बोलू लागल्या, तसं त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कान मात्र तिकडेच.

“ही गोरी दुरैसानी तुमच्या माडीवर भाड्यानं राहते, सरस्वती महालात पोथ्या वाचते. तू कशाला आलीस मागोमाग, राजम?”

“यजमान तिला जटका गाडीतनं घेऊन निघाले, अन् मी घरी वाती वळत बसू, अक्का?”

“घरमालकाची सही लागते म्हणे.”

“लागू दे. तिला खुर्ची दिली बघ. साहेब विचारतोय, बापाचं नाव काय. अन् सांगतंय कोण? आमचे हे! स्वीडनमधल्या तिच्या बापाचं नाव यांना तोंडपाठ. माझ्या बापाचं विचार, अडखळतील.”

“हळू गं, आत ऐकू जाईल.”

“जाऊ दे. ती दोन दिवस कुंभकोणला निघाली तरी आधी इथं कळवावं लागतं. मी पापनाशमला माहेरी महिना काढून आले, तर हे म्हणतात, कधी गेली होतीस?”

“आता काय विचारतोय?”

“इथं किती दिवस राहणार, परत कधी जाणार.”

“परक्या माणसाला विचारणारच की.”

“सतरा वर्षं झाली मला या घरात येऊन. मला कुणी विचारलं नाही.”

“विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?”

सूर्यनारायणरावांचं पान उलटायचं राहिलं.

“आधी विचारू दे की.”