खिशाखाली दुखतंय

...आणि वर डॉक्टर मलाच सांगतात, ‘वहिनी, नशीब समजा, बाकी सगळं शाबूत आहे!’ अहो, काय शाबूत? तुम्हाला सांगते, आमचे हे शिंपी, अख्खा जन्म माणसांची मापं घेण्यात गेला, आणि मेंदूत एवढीशी रक्ताची गाठ झाली तर त्यात नेमकं काय जावं? अवयव! म्हणजे हातपाय चालतात हो, पण हात कशाला म्हणायचं, पाय कुठला, ते साफ पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाले, ‘नाक दाखवा.’ यांनी खिडकी दाखवली! कात्री ओळखतात, मांजर ओळखतात, माझ्या माहेरच्यांना तर लांबून ओळखतात... डॉक्टर म्हणे, ‘असं होतं कधीकधी, एकाच जातीच्या गोष्टींची ओळख जाते. बाकी सगळं शाबूत!’

मी यांना म्हटलं, ‘अहो, माझ्या नाकी नऊ आलेत!’ तर हे विचारतात, ‘कशात नऊ?’

बरं, दुकान चालतंय. बाही कळते, कॉलर कळते. गिऱ्हाइकाला म्हणतात, ‘बाहीत घालता ते जरा वर करा.’ गिऱ्हाईक बघतं माझ्याकडे, मग मी करून दाखवते... दिवसभर आपली हात वर करून उभी, पकडलेल्या चोरासारखी!

परवा हे शिवता शिवता थांबले. ‘खिशाखाली दुखतंय गं.’ मी पँटचा खिसा बघितला, मांडीला बाम चोळला. चोळतेय, चोळतेय, आणि हे घामाघूम! ‘अगं, हा नाही, वरचा!’ वरचा? शर्टाचा? डावीकडचा? तसंच यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तर तिथला कोवळा डॉक्टर विचारतो, ‘छातीत दुखतंय का?’

हे शांतपणे म्हणाले, ‘नाही.’

‘मग बसा बाकावर.’

बसा काय! मी ओरडले, ‘अहो, यांना छाती माहीत नाही!’ तो म्हणाला, ‘बाई, तुम्ही आधी पाणी प्या. पेशंट नीट बोलतायत की!’ शेवटी मीच यांच्या खिशावर बोट ठेवलं. ‘इथे दुखतंय?’

‘हो! केव्हाचा सांगतोय!’

मग जी पळापळ झाली... हृदयाचा झटका होता हो. वाचले. ‘वेळेवर आणलंत, बाकी सगळं शाबूत!’ डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मी खाटेशेजारी बसले, यांचा हात घट्ट धरून, डोळ्यांचं पाणी काही खळेना. यांनी खाली बघितलं, माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारतात, ‘हे काय गं?’

आता काय सांगू? आमच्या वडिलांकडे येऊन हाच तर मागितला होता! म्हटलं, ‘असू दे. तुमचंच आहे. धरून ठेवा.’