गोधडीचं दुसरं टोक

हॅलो? … हो मावशी, प्रेरणाच बोलतेय. … घरातच आहे, कुठं जाणार? … जेवले. खिचडी. … एकटीपुरती जमत नाही गं. आई जाऊन महिना होत आला, तरी तांदूळ दोघींचेच पडतात.

बरं, ऐक ना. गोधडीसाठी गुलमंडीतून दोरा आणलाय. पांढरा, जाड, तू सांगितला तसाच. आईच्या साड्याही धुतल्या. काल नळाला पाणी आलं ना, आठवड्यानं… हो, सगळ्या. उद्या कितीच्या एसटीनं निघतेस? स्टँडवर येते घ्यायला.

… अच्छा. … गुडघा? परवा तर नाथांच्या देवळात चालत गेलीस म्हणालीस.

… मोनिका म्हणाली? … नाही, रागावले नाही. तुझी सून ती, बाळ लहान आहे, तिला वाटणारच. … अगं पण ऐक. क्षयाचे जंतू हवेतून जातात, खोकल्यातून. साडीतून नाही, भांड्यातून नाही. … हो, आई पेला वेगळा ठेवायची. मी ओरडायचे तिला. ऐकायची का? तुझीच बहीण.

… नाही मावशी. शेवटच्या तपासणीत थुंकीत जंतू नव्हतेच. औषधानं गेले होते. पण फुप्फुसं आधीच पोखरलेली… हो. जंतू आधी गेले. आई नंतर.

… माझाही एक्स-रे काढला. स्वच्छ आहे. पाठवू का मोनिकाला?

… साड्या पार्सलनं पाठवू? … उकळून? सगळ्या? पैठणच्या बाईनं पैठणी उकळ म्हणावं? … हं, हसलीस. आईसारखीच हसतेस.

… समोरच्या काकू? येतात ना. डबा उंबऱ्यावर ठेवतात, बेल वाजवतात, मी दार उघडेपर्यंत गेलेल्या असतात. … नाही, चांगल्या आहेत. … खिडक्या? उघड्याच असतात दिवसभर. ऊन येतं, वारं येतं. … असू दे.

रडू नकोस. मावशी… अगं, मी शिवते ना. … येतं थोडंफार. टाक्यांचं काही नाही. थर अंथरताना दोघी लागतात. एकीनं ताणून धरायचं, तू आणि आई बसायचात तसं. … हो, दुसऱ्या टोकाला पिठाचा डबा ठेवते. चालेल.

तू फक्त फोन ठेवू नकोस. स्पीकरवर टाकते, सांगत राहा. फोनमधून काही येत नाही, सांग मोनिकाला.

… हं, अंथरलं. खाली जाड सुती, वर ती पिवळी. … हो, तीच, तू दिवाळीला दिलेली. पैठणी नाही घेत. … सुई ओवली. पहिला टाका कोपऱ्यातून की मधून? … काय? … आवाज तुटतोय गं.

… मधून?

मावशी? … डबा सरकतोय. … हॅलो?