शिवणारो बसलो काय?

…आणि वर मलाच थापाड्या म्हणतात! मला, भिकाजीला! नाही, उठू नका, ऐकाच. देवाशपथ सांगतो, यातलं अक्षर न अक्षर खरं आहे, देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगितलंय… म्हणजे देऊळ बंद होतं, पण ठेवणार होतो. साल त्रेसष्ट. नाहीतर चौसष्ट. पण वार बुधवार, त्यात बदल नाही.

तर तोंडवलीचं वाचनालय म्हणजे शाळेच्या पडवीतलं एक कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. मुंबईच्या आमच्या चुलतभावाला गावाचा पुळका आला आणि त्याने फुटपाथवरून जुन्या पुस्तकांचं एक खोकं उचलून पाठवलं. मी म्हटलं कादंबऱ्या असतील, चार बायका तरी वाचनालयाची पायरी चढतील. उघडतो तर काय? सगळी इंग्रजी, आणि सगळी आकाशात निघालेली! एकात रॉकेट, दुसऱ्यात त्या रॉकेटच्या पोटात काय काय जाळता येईल याची चर्चा, आणि तिसऱ्यात… तिसऱ्यात चक्क शीड! ताऱ्यांच्या मधोमध ताणलेलं, चांदीसारखं चकचकीत शीड!

आता हे गावात कोणाला दाखवायचं? लवूआबालाच ना! पंचक्रोशीत शिडं शिवणारा तेवढा एकच उरलेला. पण शिडं शिवून घेतो कोण? जो उठतो तो मचव्यात इंजिन बसवतो. लवूआबाचं एकच गिऱ्हाईक राहिलेलं, जानकीबाई. नवरा गेल्यावर तीच मचव्याची मालकीण. आणि यंदा तिनेही तोंडावर सांगितलेलं, "लवूदादा, ह्या हंगामाक मिया इंजिन घेतलंय समज." म्हणजे दाभण कौलात खोचून ठेवायची पाळी आली होती हो त्या माणसावर! चाळीस वर्षांची दाभण!

मी त्याला आधी रॉकेटचं वाचून दाखवलं, तर म्हातारा उसळला. "म्हणजे थंयसर पण इंजिनच? तेल जाळीत? धूर सोडीत? देवाच्या दारात?" मी पटकन तिसरं पुस्तक पुढे केलं. म्हटलं, आबा, याला इंजिन नाही, यात नुसतं शीड, आणि त्याला ढकलतं ऊन! उन्हालाही धक्का असतो म्हणे, आपल्याला कळत नाही इतका हलका, पण वर हवा नाही, लाटा नाहीत, अडवायला कोणी नाही, तेव्हा ढकलता ढकलता वेग आपला वाढतच जातो.

"म्हणजे वारो पडूचोच नाय?"

"नाही."

"आणि तेल?"

"थेंब नाही."

काय सांगू तुम्हाला, त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हाच आता उडतोय! पण कारागीर शेवटी कारागीर. चित्रावर बोट ठेवलं आणि सुरू झाला. जाडी किती? म्हटलं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. "आवशीचो घोव!" रुंदी किती? अख्खी तोंडवली झाकेल. कडेला दोरी कुठाय? वळवायचं कसं? मी म्हटलं, शीड तिरपं करायचं. "हां, ह्या बरोबर." आणि मग चष्मा कपाळावर चढवून त्याने तो प्रश्न टाकला, ज्याने माझं वर्ष खाल्लं.

"शिवणारो बसलो काय?"

तुम्हाला ठाऊक नसणार. लवूआबाच्या घराण्याची रीत आहे: नवं शीड चढलं की पहिल्या फेरीला शिवणाऱ्याने स्वतः मचव्यात बसायचं. बसून जायचं, बसून यायचं, मग नारळ घ्यायचा. त्याचा बाप असाच एकदा बसला, आचऱ्यासमोर शीड टराटरा फाटलं, मचवा कलंडला. बाप पोहत किनाऱ्याला आला, तसाच घरात गेला आणि ओल्या धोतरानिशी दाभण घेऊन बसला. तेव्हापासून यांची शिवण दुहेरी.

मी म्हटलं, आबा, बसणार कोण, हे अजून शिवलंच नाही कोणी, नुसतं कागदावर आहे. झालं! "शिवल्याशिवाय पुस्तक छापल्यानी? लाज नाय वाटना? मिया चाळीस वर्सा शिवतंय, माझा खंय पुस्तक आसा?" सांगा, काय चुकलं त्याचं?

पण पुस्तक मात्र काखेत मारलं आणि तडक जानकीबाईच्या अंगणात. मी मागे. ती मासळी वाळत घालत होती. "बघ गो बाये! ताऱ्यांवर जावचे लोक इंजिन सोडून शीड घेतहत, आणि तू शीड सोडून इंजिन घेतंस?"

तिने चित्र पाहिलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "लवूदादा, माका ताऱ्यांवर जावचा नाय. माका देवगडाक जावचा आसा." लवूआबाने पुस्तक मिटलं. पण त्याचं पडलेलं तोंड तिला बघवेना. म्हणाली, "बरा, तुजीच रीत तुका लावतंय. त्या पुस्तकवाल्याक इचार, पयल्या फेरीक तो बसतलो काय? हो म्हणालो, तर माझ्या मचव्याक तूच नवा शीड शिव."

पोस्टातून निळं विमानाचं पत्र आणलं, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा पत्ता घातला, अमेरिकेतला. आबा सांगतोय, मी इंग्रजीत उतरवतोय. "लिव. रामराम. तुजा शीड बघलंय. तिरप्या केल्यार वळता, ह्या बरोबर. पण कडेक दोरी घाल, आणि शिवण दुहेरी घाल. शिवणारो बसलो काय? नसलो तर कोण बसतलो? बेगीन कळव, हंगाम जवळ इलो." मी म्हटलं, जानकीबाईंचंही लिहू का? "बिलकूल नको! आमच्या गावची भानगड परक्याक कित्याक?"

महिना गेला. दोन गेले. म्हातारा रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा. पोस्टमन लांबूनच हात हलवायचा आणि हा घरी परतायचा. जेवण सुटलं हो त्याचं! मला तर त्या पुस्तकवाल्याचा असा संताप आला! अरे, एवढ्या लांबून एक कारागीर विचारतोय, दोन ओळी खरडायला काय जातं तुझं? सूर्याचा धक्का कळतो, माणसाचा कळत नाही?

आणि नारळी पुनवेला आठ दिवस असताना, तुम्हाला सांगतो, उत्तर आलं! टाइप केलेलं! मी अंगणात मोठ्याने वाचलं: "प्रिय लवूजी, आपलं म्हणणं शंभर टक्के योग्य. दोरी घालतो. शिवणही दुहेरी. पहिल्या फेरीला मी स्वतः बसेन. जानकीबाईंना नमस्कार." जानकीबाई पदर तोंडाला लावून आत गेली आणि आतूनच ओरडली, "शीव बाबा, शीव!"

काय शीड शिवलं! मी म्हटलं, झालं, एक माणूस उभा राहिला. पुनवेला किनाऱ्यावर नारळ घेऊन सगळ्यात पुढे मी. आबा मचव्यात चढला. चढला, आणि वाकून माझं मनगट धरलं.

"चल. बस."

"मी? मी कशाला? शिवणारा तू!"

"शीड मिया शिवलंय. पत्र कोणी शिवल्यान?" असा थंडपणे बघतोय! "मेल्या, मिया जानकीचा नाव घालूक दिलंय नाय. मग त्या गोऱ्यान तिका नमस्कार कसो केल्यान?"

मी जानकीबाईकडे बघितलं, म्हटलं ही तरी सोडवेल. तर म्हणते, "माका त्याच दिवशी कळला. बस, भिकाजी. रीत ती रीत. आणि इंजिन माका पुढच्या वर्साक घेवचाच आसा, पण ता बंद पडला तर घराक कोण आणतला? शीडच मा?"

बसलो! तारकर्लीपर्यंत बसून गेलो, बसून आलो, मला होडी लागते हे अख्ख्या गावाला ठाऊक, आणि अख्खं गाव किनाऱ्यावर उभं राहून हसतंय! दोनदा ओकलो. शीड मात्र जरासुद्धा उसवलं नाही.

तर आता कबूल करतो. ते उत्तर माझं, मामलेदार कचेरीतल्या टाइपरायटरवर केलेलं. खऱ्या पुस्तकवाल्याचं आजतागायत एक अक्षर नाही. आणि दोनदा ओकलो म्हटलं, ते पण बनवलेलं. आकडा सात होता.

बाकी सगळं खरं. कशावरून म्हणून काय विचारता? बसलो होतो ना मी!