तीन पायांची टाकी

(कुमासी. गाड्या धुण्याची जागा, भर दुपार.)

कोनाडू : ओरडू नको मामा. दचकले तर पकड सुटेल माझी.

बेडियाको : नाही ओरडत. त्या स्टीलच्या टाकीला मिठी मारून का उभी आहेस, तेवढं सांग.

कोनाडू : सोडली तर कलंडेल. भेग जोडताना हात पोचेना म्हणून चौथा पाय तूच कापलास ना सकाळी!

बेडियाको : खाली विटा लावल्या होत्या मी.

कोनाडू : हवा भरताना हादरली, विटा सरकल्या.

बेडियाको : हवा? मी केंके खायला काय गेलो, तू हवा भरलीस?

कोनाडू : मग काय करू? नळाला चार दिवस पाणी नाही, टँकरचा पत्ता नाही. म्हटलं, तुझा जोड गळतो का, हवेनं बघून घेऊ.

बेडियाको : पाण्यानं बघतात गं! पाण्याची टाकी फाटली तर पाय भिजतात. हवेची फाटली तर... कॉम्प्रेसर बंद केलास?

कोनाडू : केला, पायानंच. पण दाबाचा काटा तांबड्यात गेलाय.

बेडियाको : तांबड्याच्या आधीच वरचा व्हॉल्व्ह उघडतो. तो का नाही उघडला?

कोनाडू : मामा...

बेडियाको : बोल लवकर.

कोनाडू : सारखा फसफसायचा मेला. मागच्या महिन्यात काढून टाकला. तिथे बोल्ट आवळलाय.

बेडियाको : देवा रे.

कोनाडू : पण तुझा जोड आहे ना! सुआमेच्या गॅरेजांत सगळे म्हणतात, बेडियाकोनं जोडलेलं पुन्हा फाटत नाही. मामा? टिकेल ना तो?

बेडियाको : गॅस संपला होता माझा. असलं स्टील जोडताना आतूनही गॅस सोडावा लागतो. नाहीतर जोड आतल्या बाजूनं जळतो, साखरेसारखा खरबरीत, कच्चा होतो. मी तसाच जोडला आणि वरून घासून चमकवला. जेवून आल्यावर सांगणार होतो, पुन्हा जोडेपर्यंत हात लावू नको म्हणून.

कोनाडू : जेवून आल्यावर!

बेडियाको : लाज वाटली गं सांगायची.

कोनाडू : मामा, आतून टिकटिक ऐकू येतेय. मला खूप भीती वाटतेय.

बेडियाको : हलू नको. जोड कुणीकडे वळलाय?

कोनाडू : पत्र्याच्या कुंपणाकडे. पलीकडे पोकुआ मावशीच्या खानावळीची बाकडी भरलीत. हसतायत बघ सगळे. त्यांना उठव ना!

बेडियाको : ओरडलो तर काय झालं म्हणून आधी इकडेच बघायला येतील. थांब, तोटी उघडतो.

कोनाडू : तोटी जोडाच्या खालीच आहे! तिथे जाऊ नको. काठीनं फिरव लांबून.

बेडियाको : काठीला नाही दाद द्यायची ती. आणि आमच्या यार्डात ज्यानं जोडलं, तोच पहिल्या भरणीला जोडासमोर उभा राहतो. तुला काही झालं तर माझ्या बहिणीला काय तोंड दाखवू? घट्ट धर.

कोनाडू : धरलीय.

बेडियाको : पाव वळसा. फुसफुसली का?

कोनाडू : हो. पण काटा हलत नाहीये.

बेडियाको : हलेल. एकदम उघडली तर टाकी हिसका खाईल. तू बोलत राहा.

कोनाडू : काय बोलू?

बेडियाको : शिव्या दे मला. हक्क आहे तुझा.

कोनाडू : लबाड म्हाताऱ्या! लाज वाटली म्हणे! पोटभर केंके हाणताना नाही वाटली? आईला सांगते, थांब तू... मामा, काटा हलला! तांबड्यातून बाहेर आला!

बेडियाको : अजून पाव वळसा. बोल.

कोनाडू : तो बोल्ट मी आवळलाय, तुला कुठल्या तोंडानं शिव्या देऊ? उतरतोय. उतरतोय बघ... शून्य. मामा, शून्यावर आला काटा.

बेडियाको : आता हळूच आडवी कर.

कोनाडू : केली. सुटले बाई. ये आता त्या पत्र्याजवळून बाहेर.

बेडियाको : हो.

कोनाडू : हो काय? झालं सगळं, मामा. ये ना.

बेडियाको : पोरी, पाय हलत नाहीत माझे. जरा हात दे.