रंग्याची भावकी

आमच्या आप्पांचं डोकं कसं चालतं, ऐका. आप्पा म्हणजे माझे चुलते. वैजापूरकडं आमची मेंढरं हायत, आन त्यांच्या राखणीची कुत्री पणजोबापासून घरच्याच वाणाची. पिल्लू विकायचं नाय, ओळखीत द्यायचं. कुणाला कोणतं दिलं, आप्पांना तोंडपाठ.

परवा लष्करी छावणीतले एक साहेब गाडीत एक कुत्री घेऊन आले. "तुमच्या रंग्याशी जोडी लावायचीय."

आप्पांनी इचारलं, "ही कुठली?"

"औरंगपुऱ्यातल्या दोस्तानं दिली."

"त्याला कुणी दिली?"

साहेबांनी तिथंच दोस्ताला फोन लावला. कुत्री गंगापूरच्या एका पाव्हण्याकडची निघाली.

आप्पांनी मान हलवली. "त्या पाव्हण्याला कुत्रा मीच दिलता. रंग्याचा सख्खा भाऊ. ही त्याची पोर. भावकीत सोयरीक जमत नाय."

"अहो, कुत्र्यांत कसली भावकी?"

"मुकं जनावर हाय, साहेब. त्याचं नातं आपणच ध्यानात ठेवायचं."

साहेब गारच झाले. "कमाल आहे तुमची! एवढं सगळं लक्षात राहतं?"

आप्पा खूश. माझ्याकडं बघून म्हणले, "रंग्या, साहेबांना चहा सांग."

माझं नाव दिनकर. तरी उठलो.

रंग्याबी उठला.